रात्री गायब होणारा एनव्हीएमई ड्राइव्ह: कमी विजेच्या होम सर्व्हरवरची पुन्हा पुन्हा येणारी अडचण

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमच्याकडेही हेच होतंय का ते लगेच कळेल.

होम सर्व्हर फक्त एसएसडींवर चालतो. सिस्टिमसाठी एक एनव्हीएमई (बोर्डावरच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारा वेगवान एसएसडी), डेटासाठी चार साटा एसएसडी, फिरणारी डिस्क एकही नाही. दिवसभर सगळं सुरळीत. मग नऊ-दहा दिवसांनी एका सकाळी फोटोंचं ॲप उघडत नाही. पिंगला उत्तर येतं. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने, आत जायला गेलं की पासवर्ड विचारतो आणि तिथेच अडकून बसतो. आदल्या रात्रीचं एखादं टर्मिनल उघडं राहिलं असेल तर त्यात काही कमांड चालतात, काहींना ‘इनपुट/आउटपुट एरर’ येते, आणि काही लिहायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. रीबूट केला तर बायोसला, म्हणजे बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरला, बूट करायला ड्राइव्हच सापडत नाही. प्लग काढून दहा-पंधरा सेकंद थांबलं आणि परत लावला, की ड्राइव्ह हजर, डेटा जागच्या जागी, सगळं पूर्ववत. पुढचे नऊ-दहा दिवस.

यातली शेवटची खूण सगळ्यात कामाची आहे. नुसत्या रीबूटमध्ये एम.२ स्लॉटचा वीजपुरवठा सहसा चालूच राहतो. त्यामुळे ड्राइव्हमधला कंट्रोलर जिथे अडकला तिथेच अडकलेला राहतो. वीज पूर्ण तोडल्यावरच तो नव्याने उठतो. म्हणजे ड्राइव्ह मेलेला नाही, झोपेतून उठताना अडकलेला आहे. अशा वेळी घाईने नवा ड्राइव्ह मागवू नका.

इथे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन स्पेलिंग. सगळं लिनक्सबद्दल आहे.

पुरावा हाती कसा लागेल

पहिली अडचण अशी की ज्या ड्राइव्हवर लॉग लिहिला जातो तोच ड्राइव्ह गायब होतो. सकाळी जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, उघडलं तर शेवटची नोंद रात्री दोन-अडीचची, अगदी साधी, कुठल्यातरी टायमरची. त्यानंतर काहीच नाही. दोन महिने मी ‘लॉगमध्ये काही सापडत नाही’ एवढ्यावरच अडले होते. सापडणार तरी कसं, लिहायला जागाच उरलेली नव्हती.

यावर चांगला उपाय नेटकन्सोल. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश डिस्कला हात न लावता थेट नेटवर्कवरून, यूडीपीने, दुसऱ्या एखाद्या मशीनवर पाठवण्याची ही सोय कर्नलमध्येच आहे. समोरच्या मशीनवर पोर्ट ६६६६ ऐकत ठेवायचं आणि येईल ते फाइलीत साठवायचं. जुना लॅपटॉप किंवा छोटा सिंगल बोर्ड पुरतो. एक लक्षात ठेवा: कन्सोलची लॉग लेव्हल कमी ठेवलेली असेल तर नेटकन्सोल लावूनही महत्त्वाच्या ओळी येत नाहीत. ती आधी वाढवून घ्या आणि एखादी यूएसबी पेनड्राइव्ह लावून-काढून ओळी येतात का ते तपासा.

पुढच्या वेळी ड्राइव्ह गेला तेव्हा समोर हे आलं: ‘कंट्रोलर इज डाउन, विल रिसेट’, त्यापुढे सीएसटीएसची (ड्राइव्हच्या स्थितीच्या नोंदीची) किंमत, तिच्यात सगळेच्या सगळे एफ. मग ‘अनेबल टू चेंज पॉवर स्टेट फ्रॉम डी३कोल्ड टू डी०, डिव्हाइस इनॲक्सेसिबल’. आणि मग फाइल सिस्टिमच्या चुकांची रांग.

सगळे एफ म्हणजे काय? पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे एनव्हीएमई ज्या मार्गाने बोर्डाशी बोलतो त्यावर, एखाद्या उपकरणाला विचारलं आणि पलीकडून कोणी उत्तरच दिलं नाही, तर वाचणाऱ्याला सगळे बिट एक दिसतात. म्हणजे तो आकडा ड्राइव्हने दिलेला नाही. ती शांतता आहे. ड्राइव्हने ‘मला चूक सापडली’ असं सांगितलेलं नाही; तो बोलायचाच थांबला आहे. खराब सेक्टर, झिजलेले सेल यांची तक्रार अशी दिसत नाही.

तरी दोन शक्यता आधी बाजूला काढा. उष्णतेमुळे ड्राइव्ह बंद पडत असेल तर तो मोठं लिखाण चालू असताना पडेल. स्मार्टसीटीएलमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या प्रकृतीचे ‘स्मार्ट’ आकडे दाखवणाऱ्या कमांडमध्ये, ‘वॉर्निंग टेम्परेचर टाइम’ वाढलेला दिसेल. माझा शून्यावर होता आणि रात्री ड्राइव्हचं तापमान चाळिशीच्या आसपास. वीजपुरवठा कमी पडत असेल तर तेही भाराच्या वेळी दिसेल, एम.२ ला ३.३ व्होल्ट लागतात आणि त्यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतार चालत नाही. माझा ड्राइव्ह बॅकअप चालू असताना, शेकडो जीबी सरकवताना, एकदाही गेला नाही. तो गेला तो नेहमी निवांत वेळी. भारात टिकतो आणि आरामात पडतो, असं असेल तर संशय थेट वीज वाचवण्याच्या यंत्रणेवर घ्यायचा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा जुळली. सुरुवातीला हा प्रकार तीन आठवड्यांतून एकदा व्हायचा. मग एसएसडीवरचं लिखाण कमी व्हावं म्हणून मी लॉग रॅममध्ये हलवले, ‘नोएटाइम’ लावला (म्हणजे फाइल वाचल्याची वेळ लिहिली जात नाही), दर काही सेकंदांनी काहीतरी लिहिणारे दोन कंटेनर बंद केले. त्यानंतर तो नऊ-दहा दिवसांवर आला. तेव्हा वाटलं ड्राइव्ह खराब होत चालला आहे. खरं तर मी सर्व्हर जितका शांत केला तितकी ड्राइव्हला लांब झोप मिळायला लागली, आणि त्या लांब झोपेतून उठतानाच तो अडकत होता.

सगळीकडे चिकटवला जाणारा उपाय आणि त्याची किंमत

कर्नल त्या संदेशाबरोबर स्वतःच एक सल्ला देतो: वीज वाचवण्याचा मोड सदोष आहे का बघा, आणि दोन पॅरामीटर लावून पाहा. पहिला ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’, दुसरा ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’. मीही ते लावले. ड्राइव्ह जायचा थांबला. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि ते समजण्यासारखं आहे.

पण भिंतीवरच्या मीटरवर निवांत असताना ९.५ वॅट दिसायचे तिथे १७ दिसू लागले. साडेसात वॅट. एक वॅट वर्षभर अखंड म्हणजे ८.७६ युनिट, म्हणजे साडेसात वॅटचे ६५.७ युनिट, दर वर्षी. एकही डिस्क न फिरवता, शांत आणि थंड सर्व्हर उभा करायचा, त्यासाठी एकेक भाग निवडायचा आणि मग एका ड्राइव्हच्या एका खोडीसाठी अख्ख्या मशीनची झोप मोडायची, हे मला पटलं नाही. तो सल्ला निदानासाठी आहे. ‘हे लावल्यावर थांबतं का?’ एवढंच त्यातून कळतं. कायमचा उपाय म्हणून तो फार बोथट आहे.

शिवाय दुसऱ्या पॅरामीटरच्या नावात एक खाच आहे. ‘ऑफ’ वाचून वाटतं की एएसपीएम, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या लिंकची झोप, बंद होईल. कर्नलच्या माहितीपत्रकात मात्र स्पष्ट लिहिलं आहे की ‘ऑफ’ म्हणजे कर्नल एएसपीएमला हातच लावणार नाही. बायोसने जसं ठेवलं असेल तसं राहील. माझ्या बोर्डाचा बायोस बहुतेक लिंकवर ते बंद ठेवतो आणि एरवी कर्नल चालू करायचा, म्हणून माझ्याकडे ‘ऑफ’ने खरंच सगळं बंद झालं आणि वॅट चढले. ज्या बोर्डाचा बायोस ते आधीच चालू करून देतो, तिथे तोच पॅरामीटर लावूनही लिंक पूर्वीसारखीच झोपत राहील. तुम्ही समजणार की एएसपीएम बंद करून पाहिलं, फरक पडला नाही, म्हणजे दोष दुसरीकडे आहे. निदान तिथेच चुकतं. खरंच बंद करून बघायचं असेल तर ‘पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स’ लावा, आणि नंतर पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआयच्या ‘व्हीव्ही’ आउटपुटमध्ये त्या ड्राइव्हच्या ‘लिंक कंट्रोल’ ओळीत ‘एएसपीएम डिसेबल्ड’ लिहिलेलं स्वतः वाचा.

झोपेचे थर

हा भाग नीट समजला की बाकीचं सोपं आहे. एनव्हीएमई ड्राइव्हच्या झोपेचे वेगवेगळे थर असतात आणि ते एकमेकांपासून बरेचसे स्वतंत्र आहेत.

पहिला थर ड्राइव्हचा स्वतःचा. त्याच्या पॉवर स्टेट असतात, पीएस० पासून साधारण पीएस४ पर्यंत. पहिल्या काही कामाच्या, शेवटच्या दोन झोपेच्या. किती वेळ काम आलं नाही की कुठल्या स्टेटमध्ये जायचं, याचा तक्ता कर्नल ड्राइव्हला देऊन ठेवतो आणि मग ड्राइव्ह स्वतःच ठरवून झोपतो. याला एपीएसटी म्हणतात. लिनक्समध्ये हे २०१७ साली आलेल्या ४.११ कर्नलपासून आहे.

दुसरा थर पीसीआय एक्सप्रेसच्या लिंकचा, म्हणजे एएसपीएम. ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यातली तार झोपते. एल१ ही डुलकी, एल१.१ आणि एल१.२ या तिच्या आतल्या आणखी गाढ पायऱ्या.

तिसरा थर डी३कोल्ड, ज्यात उपकरणाची वीजच काढून घेतात. चालू सर्व्हरवर सिस्टिमचा ड्राइव्ह त्यात सहसा जात नाही. वरच्या संदेशात ते नाव दिसतं, पण सगळे एफ वाचल्यामुळे कर्नलला तसं वाटतं, म्हणून. त्या ओळीमुळे भरकटू नका.

कर्नलचा सल्ला पहिले दोन्ही थर एकदम बंद करायला लावतो. म्हणजे अडचण थांबली तरी दोघांतला दोषी कोण हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल.

नऊ दिवस वाट न बघता बिघाड घडवून आणणं

बदल करायचा आणि दोन आठवडे वाट बघायची, अशाने वर्ष निघून जातं. बिघाड हवा तेव्हा घडवता आला पाहिजे. मला सगळ्यात जास्त उपयोग याच एका गोष्टीचा झाला.

सर्व्हर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सवर चालवा. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची तो ड्राइव्ह सिस्टिमचा राहत नाही. तो गेला तरी मशीन जिवंत राहतं आणि डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची यादी) सरळ समोर वाचता येतो. मग एक छोटी शेल स्क्रिप्ट: ड्राइव्हवरून ४ केबी वाच, मग रँडम वेळ थांब, परत वाच. फक्त वाचणं, लिहिणं अजिबात नाही. वाचायला डीडी ही कमांड, पण त्याला ‘आयफ्लॅग=डायरेक्ट’ लावायलाच हवं. ते विसरलं तर दुसऱ्या वेळेपासून उत्तर रॅममधल्या कॅशमधून येतं, ड्राइव्हला कोणी उठवतच नाही, आणि रात्रभर चाचणी यशस्वी झाल्यासारखी दिसते. माझी पहिली रात्र अशीच गेली. प्रत्येक वाचनाला लागलेला वेळ छापून बघितला तेव्हा तो काही मायक्रोसेकंद दिसला. झोपलेला एसएसडी इतक्या चटकन उत्तर देऊ शकत नाही.

थांबण्याचा वेळ किती ठेवायचा? सुरुवातीला मी एक-दोन सेकंद ठेवला, जास्तीत जास्त वेळा उठवावं म्हणून. सहा तास काही झालं नाही. मग १ ते ९० सेकंदांतला कुठलाही वेळ, असं केलं. चाळीस मिनिटांत ड्राइव्ह गेला. परत केलं, दीड तासात गेला. म्हणजे माझ्या ड्राइव्हच्या बाबतीत किती वेळा झोपला यापेक्षा किती लांब झोपला याला महत्त्व होतं. तुमच्याकडे उलटही असू शकेल, म्हणून दोन्ही करून बघा.

ही चाचणी करण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. चाचणी फक्त वाचते हे खरं, पण दर वेळी वीज तोडून ड्राइव्ह उठवावा लागतो, आणि घरगुती एसएसडींमध्ये वीज अचानक गेली तर हातातलं लिखाण पूर्ण करायला लागणारे कपॅसिटर सहसा नसतात.

दोषी कोण

बिघाड दोन तासांच्या आत घडवता यायला लागल्यावर निदान दोन रात्रींचं काम उरलं.

पहिली चाचणी: एपीएसटी बंद, एएसपीएम पूर्ण चालू. अकरा तास, एकही चूक नाही. मीटरवर १०.४ वॅट.

दुसरी: एपीएसटी चालू, त्या ड्राइव्हच्या लिंकवरची फक्त एल१.२ बंद. बावन्न मिनिटांत गेला. मग एल१ सुद्धा बंद केली. तरीही गेला.

म्हणजे लिंक निर्दोष. दोष ड्राइव्हच्या स्वतःच्या झोपेत.

लिंकची एकेक पायरी बंद करायला अख्ख्या मशीनचा पॅरामीटर लागत नाही. ५.५ कर्नलपासून सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंग फाइलींसारख्या दिसतात त्या जागी, प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या फोल्डरखाली ‘लिंक’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘एल१_एएसपीएम’, ‘एल१_१_एएसपीएम’, ‘एल१_२_एएसपीएम’ अशा फाइली. हवी त्यात शून्य लिहायचं, बाकी मशीनला धक्का नाही. तुमच्याकडे दुसऱ्या चाचणीत ड्राइव्ह टिकला तर तुमचा उपाय इथेच संपतो: त्या एका ड्राइव्हची एल१.२ बंद, एल१ चालू, आणि ते दर बूटला लागू होईल असा यूडेव्हचा (उपकरण दिसताच ठरलेली सेटिंग लावणाऱ्या सेवेचा) नियम.

आता ड्राइव्हच्या झोपेचा तक्ता. ‘एनव्हीएमई आयडी-सीटीआरएल’ कमांडच्या शेवटी पॉवर स्टेटची यादी येते. प्रत्येकीपुढे कमाल वॅट, झोपायला लागणारा वेळ म्हणजे ‘एनलॅट’, आणि उठायला लागणारा वेळ म्हणजे ‘एक्सलॅट’, मायक्रोसेकंदांत. माझ्या ड्राइव्हची शेवटची दोन घरं अशी होती:

पीएस३: ०.०५ वॅट, उठायला १२०० मायक्रोसेकंद.
पीएस४: ०.००५ वॅट, उठायला ८००० मायक्रोसेकंद.

या दोन ओळी जरा वेळ डोळ्यांसमोर ठेवा. पीएस४ मध्ये जाऊन पीएस३ पेक्षा जास्तीची बचत किती? ०.०४५ वॅट. वर्षाला अर्ध्या युनिटाहूनही कमी. लॅपटॉपच्या बॅटरीला तेवढ्यानेही फरक पडत असेल, पण भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या सर्व्हरला पडत नाही. एवढ्याशा लाभासाठी ड्राइव्ह त्या सगळ्यात गाढ झोपेत जात होता, जिथून त्याला नीट उठता येत नव्हतं. आणि तेच थांबवायला मी आधी साडेसात वॅट मोजले होते.

म्हणून झोप बंद करायची नाही, फक्त शेवटची पायरी काढून टाकायची. कर्नलने सुचवलेल्या पहिल्या, मॅक्स_लेटन्सीच्या पॅरामीटरला शून्याऐवजी दोन एक्सलॅटच्या मधला आकडा द्यायचा. उठायला त्याहून जास्त वेळ घेणारी स्टेट कर्नल तक्त्यात घेत नाही. मी ५५०० दिला. १२०० त्याच्या खाली, ८००० वर. हा आकडा डोळे मिटून उचलू नका. तुमच्या ड्राइव्हचे दोन आकडे वाचा आणि त्यांच्यामधला कुठलाही घ्या. एखाद्या ड्राइव्हची पीएस४ सुद्धा ५००० मायक्रोसेकंदांत उठत असेल, तर तिथे ५५०० लावून काहीच बदलणार नाही.

तिसरी चाचणी: मर्यादा ५५००, एएसपीएम पूर्ण चालू. पहिल्या रात्री अकरा तास, दुसऱ्या रात्री परत अकरा. एकही चूक नाही. मीटर ९.५ वर, कधीकधी ९.६.

कायमचं बसवताना

एकच एनव्हीएमई असेल तर बूट लोडरमध्ये पॅरामीटर घालणं सोपं. बूट लोडर ग्रब असेल तर त्याच्या ‘डिफॉल्ट’ फाइलमधल्या लिनक्स कमांडलाइनच्या ओळीत तो जोडायचा, ग्रब अपडेट करायचा, रीबूट. मग प्रॉकमधली ‘सीएमडीलाइन’ फाइल वाचून तो खरंच लागला का ते बघायचं. सिस्टमडी-बूट या दुसऱ्या बूट लोडरवर चालणाऱ्या मशीनवर ग्रबची फाइल बदलून काहीच होत नाही. तिथे कमांडलाइन वेगळ्या फाइलीत असते.

दोन एनव्हीएमई असतील आणि खोड एकाचीच असेल, तर मर्यादा त्या एकालाच घालता येते. सिसएफएसमध्ये त्या कंट्रोलरच्या ‘पॉवर’ फोल्डरमध्ये ‘पीएम_क्यूओएस_लेटन्सी_टॉलरन्स_यूएस’ ही फाइल असते. तिच्यात तोच आकडा लिहिला की तक्ता तिथल्या तिथे बदलतो, रीबूटही लागत नाही. कायमचं करायला यूडेव्हचा नियम, आणि त्यात ड्राइव्ह ओळखायला मॉडेलचं नाव वापरा. एनव्हीएमई० आणि एनव्हीएमई१ हे क्रमांक नवं कार्ड लावलं की बदलू शकतात.

शेवटी ड्राइव्हलाच विचारा. ‘एनव्हीएमई गेट-फीचर’मध्ये ०सी क्रमांकाचं फीचर मानवी रूपात मागवलं की एपीएसटीचा तक्ता दिसतो: किती निवांत वेळानंतर कुठल्या स्टेटमध्ये जायचं. त्यात कुठेही ४ दिसायला नको. दिसला तर मर्यादा लागलेली नाही, पॅरामीटर कमांडलाइनमध्ये दिसत असला तरी.

फर्मवेअरचं अपडेट आलं आहे का ते या सगळ्याच्या आधी बघावं. एफडब्ल्यूयूपीडी या अपडेटच्या साधनातून काही ड्राइव्हची फर्मवेअर मिळतात, बाकीच्यांसाठी उत्पादकाचं साधन वापरावं लागतं. माझ्या ड्राइव्हसाठी नव्हतं.

ड्राइव्ह टिकला, पण वॅट उतरत नाहीत

हा दुसरा अर्धा प्रश्न बरेच जण पहिल्यातच मिसळतात. पॅरामीटर काढले, ड्राइव्ह टिकला, तरी मीटर तेरा-चौदावरच अडला असेल तर पॉवरटॉप (विजेचा वापर दाखवणारं साधन) उघडून पॅकेजचा रकाना बघा. प्रोसेसरचे गाभे कितीही गाढ झोपलेले दिसोत, विजेचा मोठा हिशेब पॅकेज सी-स्टेटवर आहे, म्हणजे अख्खी चिप किती खोल झोपते त्यावर. आणि तिच्याभोवतीचं एक जरी उपकरण लिंक जागी ठेवत असेल तर चिप खाली उतरत नाही. घरात एक जण जागा असला की पॅसेजमधला दिवा मालवत नाहीत, तसं.

माझ्याकडे सुरुवातीला जागा राहणारा म्हणजे सहा पोर्टांचं साटा कार्ड. पुढे ड्राइव्ह वाढवायचे म्हणून आधीच घेऊन ठेवलं होतं. एलएसपीसीआयमध्ये त्याच्या ‘लिंक कपॅबिलिटी’ ओळीतच ‘एएसपीएम नॉट सपोर्टेड’ होतं, म्हणजे कुठली सेटिंग बदलून उपयोग नव्हता. त्या कार्डाबरोबर पॅकेज सी३ च्या खाली जातच नव्हतं आणि मीटर १३.८ दाखवायचा. कार्ड काढून चारही एसएसडी बोर्डावरच्या पोर्टांना लावले. पॅकेज बहुतेक वेळ सी८ मध्ये, मीटर ९.५. चार साटा एसएसडी मिळूनही निवांत असताना जेवढं खात नाहीत त्याहून जास्त ते कार्ड एकटं खात होतं, स्वतःचं आणि चिपला जागं ठेवण्याचं मिळून. एसएसडी घेताना सगळे ड्राइव्हच्या वॅटचे तक्ते बघतात. कार्ड आणि नेटवर्क चिप यांचं एएसपीएम आधी बघा, असं मी कोणालाही सांगेन.

साटा एसएसडींची लिंक वेगळ्या जागी झोपते: स्कझी होस्टच्या फोल्डरमधली ‘लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी’. ‘मेड_पॉवर_विथ_डीआयपीएम’ ही तिथली समजूतदार निवड. माझ्या चारपैकी एका ड्राइव्हला ती मानवली नाही. लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ यायचं, कंसात ‘पीएचवायरेडीचेंज’ आणि ‘कॉमवेक’. असं दिसलं की आधी स्मार्टमधला १९९ क्रमांक, सीआरसी चुकांचा, बघा. तो वाढत असेल तर साटा केबल बदला. तो स्थिर असेल तर बहुधा झोपेचाच प्रश्न आहे. मग तेवढ्या एका होस्टला ‘मीडियम_पॉवर’ द्या. बाकीच्या तिघांना हात लावू नका.

पॉवरटॉपचं ‘ऑटो-ट्यून’ मात्र दर बूटला चालणाऱ्या सेवेत टाकू नका. ते सापडेल ती प्रत्येक बचत एकदम चालू करतं, यूएसबीसकट, आणि बॅकअपची यूएसबी पेटी मध्येच तुटायला लागली की परत दोषी शोधत बसावं लागतं. त्याच्या यादीतल्या ‘बॅड’ ओळी एकेक करून ‘गुड’ करा. प्रत्येकीनंतर मीटर बघा. माझ्याकडे त्यातल्या दोन-तीन ओळींनीच मीटरवर दिसेल असा फरक पडला. बाकीच्या मी तशाच सोडल्या आहेत.

मोजताना बूटनंतर निदान दहा मिनिटं थांबा आणि ब्राउझरमधलं देखरेखीचं पान बंद ठेवा. दर दोन सेकंदांनी आकडे मागणारं पान उघडं ठेवून मी निवांत वॅट मोजत होते, तेव्हा मीटर ११ च्या खाली येत नव्हता.

कर्नल किंवा बायोस अपडेट झाला की मी तीनच गोष्टी बघते: एपीएसटीच्या तक्त्यात ४ नाही ना, पॅकेज सी८ ला पोचतं ना, आणि स्मार्टमधला ‘अनसेफ शटडाउन्स’. वीज तोडून ड्राइव्ह उठवावा लागला की हा आकडा दर वेळी एकाने वाढायचा. सर्व्हर यूपीएसवर आहे आणि वीज गेली तर नीट बंद होतो, त्यामुळे एरवी तो वाढायचं कारण नाही. मर्यादा बसवली त्या दिवशी तो ३१ होता. त्याला सात महिने झाले. आज सकाळी बघितला, ३१ च आहे.